दोन तासांवरची किल्ली

तिकिटांच्या दुकानात काउंटरवर बसून ती दिवसभर एकच पाढा म्हणायची: अंतर इतकं, विमानाला दोन तास. बापाला एकटं सोडून या शहरात आली तेव्हा त्यालाही तिनं तेच ऐकवलं होतं. "दोन तासांवर तर आहे मी, बाबा. हाक मारा, आलेच."

म्हाताऱ्यानं खूणगाठ बांधली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, एकदा उमटलेलं अक्षर पुसायचं नाही हा खाक्या. घराची दुसरी किल्ली समोरच्या दारातल्या शिंपिणीला द्यायची सोडून त्यानं लेकीच्या पर्समध्ये टाकली. शिंपिणीशी अबोला होता. त्यानं रंगवलेल्या पाटीला ती तिरकी म्हणाली होती, एवढंच निमित्त.

आज सकाळी त्याचा फोन आला. न्हाणीघरातही फोन जवळ ठेवा, असं तिनंच बजावलं होतं म्हणून तरी आला.

"पडलोय. पाय हलत नाही. अंगावर कपडा नाही."

"शिंपीणमावशींना सांगते."

"खबरदार. ती बाई मला असा बघणार? त्यापेक्षा मेलेला बरा. शपथ आहे तुला माझी. तू ये. दोन तास काय, पडल्या पडल्या काढतो."

आणि ही शहाणी शपथ सांभाळत टॅक्सीत बसली.

विमान दोन तासांत जातं, माणूस जात नाही. माणसाला आधी विमानतळ गाठावा लागतो, तिथं रांगा धराव्या लागतात, विमानाला उशीर झाला की खुर्च्या झिजवाव्या लागतात. हे तिच्या पाढ्यात कधीच नव्हतं. गिऱ्हाइकांना रोज विकलेलं अर्धं खोटं आज तिच्याच घशात अडकलं. दुपार झाली तरी ती रांगेतच.

"कुठवर आलीस?" बाप विचारायचा.

"निघालेच."

शेवटच्या फोनवर आवाज पार खोल गेला होता. "लादी गार आहे गं," एवढंच बोलला. कुरकुरणारा माणूस नव्हता तो.

तपासणीच्या ट्रेमध्ये तिनं पर्स पालथी केली, तशी किल्ली खणकन पडली. बाप तिकडे दाराआड, मदतीचं माणूस दारासमोर, आणि किल्ली इकडे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये.

"बाई, पुढे सरका," शिपाई खेकसला.

"नाही सरकत," ती म्हणाली. शपथ घातली चुलीत आणि शिंपिणीला फोन लावला. "मावशी, दार तोडा. बाबा न्हाणीघरात पडलेत. अंगावर कपडे..."

"अगं, जन्म गेला माझा माणसांची मापं घेण्यात. तुझा बाप काय नवलाचा?"

ती पोचली तेव्हा बाप दवाखान्यात होता, पायाला वजन टांगलेलं. शिंपीण त्याला चमच्यानं पाणी पाजत होती.

"शपथ मोडलीस," तो म्हणाला.

"मोडली."

"दोन तास म्हणाली होतीस."

तिच्या मुठीतली किल्ली तळव्याला रुतत होती.

म्हातारा शिंपिणीकडे वळला. "दार उघडं टाकून आलीस?"

"सुतळीनं शिवून आलेय. उद्या नवं कुलूप बसवू."

"त्याची दुसरी किल्ली तू ठेव." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पण पाटी सरळ होती."

"तिरकी होती," शिंपीण म्हणाली आणि चमचा पुढे केला.