एका सेकंदाचा फोटो

जिनलनं तिवईवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं, मनात एक आकडा मोजला आणि फोटो बघून तिला रडू फुटलं. पाचव्यांदा आजीचा चेहरा पुसट आला होता. जपमाळ धरलेल्या बोटांच्या जागी तर नुसता धूर.

"आजी, थोडी थांब ना. एकच सेकंद."

"थांबूनच तं राह्यली वं माय," उशांना टेकून बसलेल्या पानाबाई पुटपुटल्या. "श्वास चालते, त्याले मी काय करू?"

जन्मभर त्यांनी फोटो काढू दिला नव्हता. आधार कार्डावर तेवढा एक होता, त्यात त्या चोरी करताना सापडल्यासारख्या दिसत. काल डॉक्टर आज-उद्याची भाषा करून गेले आणि आज त्या आपणहून म्हणाल्या, काढ.

दुकानामागच्या त्या खोलीला एकच खिडकी. फ्लॅश उडाला तसं पानाबाईंनी दचकून तोंड झाकलं. मोबाइलनं सुरकुत्या पुसून भलतीच गोरी बाई उभी केली. उरला फोटोग्राफीच्या क्लासचा कॅमेरा. मयंक सरांनी शिकवलं होतं, उजेड कमी असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेवा. तेवढ्यात हलेल ते पुसट, थांबेल ते स्पष्ट. आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, शंभरावरच ठेवा, वाढवला की फोटो खरखरीत येतो. दिवस मावळल्यावर न जेवण्याचा नियम या जैन घरात कधी मोडला नव्हता. सरांचा शब्दही जिनलनं तसाच पाळला.

"बस झालं बेटा," तिचे वडील, शिखरचंद, दारातून म्हणाले. "पडू दे तिले."

"नाही पप्पा! मले तिचा चेहरा पायजे. उद्या..."

शिखरचंद पाणी कोमट करायला गेले. तिनं सरांना मेसेज टाकला, डोळे पुसले आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

"आता नाही हलत मी," आजी म्हणाली आणि पहिल्यांदाच तिनं थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. अंगठा मात्र मणी ओढतच होता.

जिनलनं बटण दाबलं. एक.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, शंभर मी उन्हासाठी सांगतलं होतं!" मयंक सर ओरडले. "सोळाशे कर. शटर झटकन पडते. आजी हलली तरी चालते."

एवढं सोपं होतं. तिला स्वतःचाच राग आला. आकडा बदलण्याआधी तिनं सवयीनं फोटो बघितला.

"सर, आला! आला सर!"

तिनं तो मोठा केला. हनुवटीवरचा तीळ, ओठांभोवतीच्या सुरकुत्या, ते दोन डोळे, सगळं जिथल्या तिथं. आनंदानं तिला हसू फुटलं. मग तिनं चित्र हाताकडे सरकवलं. मणी न् मणी वेगळा दिसत होता. दोन मण्यांमधला दोरासुद्धा. एका मण्यावर अंगठा टेकलेला होता, नखाच्या रेषेसकट स्पष्ट.

"हॅलो? वाढवला का आयएसओ?" सर विचारत होते.

कॅमेऱ्यावरून नजर उचलून समोर बघायचं जिनलला धाडस होईना.