ढोलवाल्याला फेरात जागा नसते

मी शिंपी. गावातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे, आणि कोण कोणाशी बोलत नाही तेही. माप देताना माणसं उगाच बोलत सुटतात. मधे तर गावात बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणारेच जास्त झाले होते. सुताराचं दूधवाल्याशी वाकडं, दोन सख्ख्या जावांचं एकमेकींशी वाकडं, आणि माझं माझ्या थोरल्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

मग शाळेत नव्या बाई आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं की इथे पूर्वी फेराचा नाच व्हायचा. पुन्हा सुरू करू या, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण बाई चिवट निघाल्या. दर शनिवारी दुपारी त्या शाळेतली बाकं भिंतीला लावायच्या आणि घरोघरी जाऊन माणसं गोळा करून आणायच्या.

फेराचा नियम जुना आहे. ज्यांचं भांडण, त्यांना शेजारी उभं करायचं. हात धरून सात फेऱ्या पुऱ्या केल्या की ते भांडण मिटलं; पुन्हा तोंडातून काढायचं नाही. कोण कुठे उभा राहणार हे आमचा रिटायर झालेला पोस्टमन ठरवतो. त्याचा पत्ता कधी चुकत नाही. पहिल्याच शनिवारी त्यानं सुताराला दूधवाल्याशेजारी नेऊन सोडलं. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी दोघांनी एकमेकांची बोटं धरली. पण पंधरवड्यात सुतार दूधवाल्याच्या गोठ्याचं दार बसवताना दिसला. जावांची पोरं दोन्ही घरी जेवायला लागली. गाव हळूहळू माणसांत येत होतं.

आणि मी ढोल वाजवत होतो. ढोलवाला फेराबाहेर उभा असतो. त्याचे हात कामात, ते कोण धरणार? म्हणूनच तर मी ढोल सोडत नव्हतो. दवाखान्यातला कंपाउंडर दोनदा येऊन म्हणाला, "काका, मला शिकवा ना." मी म्हटलं, "तू सुया टोच. हा तुझा प्रांत नाही." बिचारा औषधांच्या रिकाम्या डब्यावर एकटाच शिकत बसायचा.

दादा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. आई गेली त्या दिवशी तो सकाळपासून कामावर, आणि तिला दवाखान्यात न्यायला दुपार झाली. तिला उचलायच्या वेळी, अख्खं गाव दारात उभं असताना, मी त्याला म्हणालो, "तुझ्यामुळे गेली ती." पुढे डॉक्टरांनीच मला सांगितलं की सकाळी आणली असती तरी ती वाचली नसती. हे कळूनही मी दादाकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत अकरा वर्षं गेली. चूक माझी होती, आणि चुकलेल्या माणसाचीच मान जास्त ताठ असते.

दादा पहिल्या शनिवारपासून येत होता. भुशानं छाती भरलेली, तिसऱ्या फेरीलाच धाप लागायची. पोस्टमन त्याच्या डाव्या हाताची जागा मुद्दाम रिकामी ठेवायचा. दादा ती जागा सोडून फिरायचा, तिथे सरकून कोणाचा हात धरायचा नाही. मी ते बघायचो आणि ढोल जास्त जोरात बडवायचो.

एकदा वहिनी दुकानात आली. ब्लाउजचं कापड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, एक फेर ढोल दुसऱ्याला द्या."

"दुसऱ्या कोणाला येतो?"

"वाकडा वाजला तरी चालेल."

मी खडूनं कापडावर रेघा मारत राहिलो. मग म्हटलं, "बाई पटांगणात मोठा कार्यक्रम घेणार आहेत ना, त्याला देतो. सगळं गाव असेल तेव्हा."

हे मी खरंच ठरवलं होतं. जे गावादेखत बोललो, ते गावादेखतच मागे घ्यायचं. पण वहिनीला एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती "बरं" म्हणाली आणि माप न देताच गेली.

पुढच्या दोन शनिवारी दादा आला नाही. मला वाटलं, बसला असेल रुसून. गुरुवारी मी कॉलर उलटत असताना कंपाउंडर दारात आला आणि नुसता उभा राहिला. मला कळलं, दादा गेला. मी मशीनवरून उठलो, तेव्हा पाय पायडलवरच अडकला होता.

बाईंनी कार्यक्रम रद्द करायचं काढलं. वहिनीनंच नको म्हटलं. महिनाभरानं शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. मी ढोल कंपाउंडरच्या गळ्यात घातला आणि फेरात गेलो. पोस्टमन माझ्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला पत्ता सापडेना. मग वहिनी आपणहून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी तो धरला. मला रडू आवरेना.

"वहिनी, मिटलं म्हणा."

"माझं तुमच्याशी भांडण कधी होतं, भावजी?"

"दादाच्या वतीनं म्हणा."

"त्यांचंही नव्हतं. आई गेल्याच्या दुःखात पोरगं बोललं, असंच म्हणायचे." ती समोर बघत होती. "पण तुम्ही ढोल काही सोडेनात. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, त्याला अजूनही वाटतंय गं, आई माझ्यामुळेच गेली."

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की तसं नाही, दहा वर्षं झाली मला तसं वाटत नाही. पण तेवढ्यात कंपाउंडरनं वाकडातिकडा ठेका धरला, फेर हलला, आणि पलीकडून सुतारानं मला पुढे ओढलं.