मानेवरचा मळ

नणंदेने सगळ्या पाहुण्यांसमोर पोरीची वेणी उचलून धरली. "ही मान बघा! दुसऱ्यांचे चेहरे चकचकीत करते, आणि पोटच्या मुलीला धड अंघोळ घालता येत नाही."

पार्लरवालीने ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र तिने आठ वर्षांच्या लेकीला मोरीत बसवलं आणि मान घासायला घेतली. आधी साबण, मग पाय घासायची वज्री. पोर कळवळून ओरडत होती, तरी हिचा हात थांबेना. कातडी सोलवटली, काळेपणा जागचा हलला नाही.

दवाखान्यात ती मान पाहून डॉक्टरीणबाई आधी आईवरच बरसल्या. "हा मळ नाही हो! अंगात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी काळवंडते." मग त्यांनी रक्त तपासलं, जन्मापासूनचं सगळं खोदून विचारलं. पोर जन्मली तेव्हा मूठभर होती, आणि पहिल्या दोन वर्षांत बघता बघता गुबगुबीत झाली होती. "कमी वजनाचं मूल सुरुवातीला फार झपाट्याने फुगलं, तर पुढे मधुमेहाची भीती वाढते. हिला अजून झालेला नाही, पण रक्तातली साखर काठावर आहे. खाणं आणि खेळणं सुधारा. आणि दोष कुणा एकाचा नसतो, बरं का."

हे शेवटचं पार्लरवालीच्या कानात शिरलंच नाही. ती कामावर असताना पोरीला नणंद सांभाळायची, आणि दुधाच्या बाटलीत साखर ढवळायचीही तीच.

ती तडक नणंदेच्या दारात गेली. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही!"

"मी? तुला दूध उतरत नव्हतं. बाळंतपणातून उठलीस ती कामावर पळालीस. मी जगवली तिला!"

"जगवली? गादीत कापूस कोंबावा तशी कोंबलीत! स्वतःला मूल नाही, म्हणून माझ्या पोरीवर हौस भागवलीत."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोच्या मागोमाग आलेला पार्लरवालीचा नवरा दाराशी स्वतःच्या चपला शोधण्यात गुंतला होता.

तेव्हापासून शाळा सुटली की पोर पार्लरच्या कोपऱ्यात बसू लागली. "आत्याकडे सोड ना," म्हणून रोज भुणभुण. खेळायला न्यायला आईला सवड नव्हती.

एका संध्याकाळी नणंद पार्लरमध्ये येऊन उभी राहिली. "मैदानावर नेते तिला. तुला कुठे वेळ आहे?"

"आधी पिशवी दाखवा."

चेहऱ्याला लेप लावून पडलेल्या बाईने एक डोळा उघडला. नणंदेने पिशवी टेबलावर उपडी केली. चष्मा, किल्ल्या, रुमाल, बाटली. पार्लरवालीने बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. साधं पाणी होतं.

"न्या."

आता नणंद रोज येते, कुणी न सांगता पिशवी उपडी करते, आणि पोरीचा हात धरून निघून जाते. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली, ती बातमी तिला पोरीकडूनच कळली. पार्लरवालीने स्वतःहून काही सांगितलं नाही, आणि पिशवी तपासणंही सोडलं नाही.