येरळेच्या उतारावरचा भोंगा

मित्रांनो, मी मोटारीचा एक जुना भोंगा आहे. सांगलीच्या एका तांबटाने माझे पितळी तोंड ठोकून घडवले. मागचा रबरी फुगा दाबला, की मी ओरडतो. तासगावाहून भिलवडी स्टेशनला जाणाऱ्या मोटारीवर मी कितीतरी वर्षे काम केले. वाटेवरची पोरे माझी नक्कल करत, तेव्हा मला धन्य वाटे.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, म्हणून आमच्या मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली होती. त्या भट्टीतल्या गॅसवर चालणारे इंजिन एकदा थांबले, की हँडल फिरवून फिरवून माणसांना घाम फुटे.

पौषातल्या एका सकाळी धुके असे दाटले, की रस्ता कुठे आणि शेत कुठे ते कळेना. ड्रायव्हर आकाराम बैलगाडीच्या चालीने मोटार नेत होता. शेजारी पलटणीतला शिपाई नाथाजी चुळबुळत होता. त्याची रजा संपली होती आणि सकाळचीच रेल्वे गाठायची होती.

येरळा नदीच्या उताराशी आकारामने मला दाबले. मी जीव तोडून ओरडलो. मग त्याने ब्रेक लावून चक्क इंजिनच बंद केले.

"आरं, काय केलंस ह्ये!" नाथाजी कडाडला. "मोटार हाकतूयास का कीर्तन ऐकतूयास? रेल्वे चुकली, तर पळपुट्यांत नाव लिवत्याल माझं!"

"गप रं गड्या. डोळ्यांचा उपेग न्हाई आज. कानानं तरी बघू दे."

सगळे उतारू श्वास धरून बसले. काहीच ऐकू येईना. आकारामने मला पुन्हा दाबले. मी ओरडून गप्प झालो, तोच खालून एका बाईचा आवाज आला, "आवं, हिकडं येऊ नगा! आस मोडलाय गाडीचा!"

नाथाजी उडी टाकून धावला. अगदी पुढेच गुळाची बैलगाडी रस्त्यात आडवी झाली होती. हाक देणारी बनुबाई बैलांच्या वेसणी धरून उभी होती. तिचा नवरा चाकाखाली दगड सारत होता.

"बाई, बाजूला तरी व्हायचं!"

"बैलं सोडून? मघाधरनं वरडतीया की, आत्ताच काय त्यो दम घेतला. तुमच्या मोटारीम्होरं माझा आवाज कुठला पुरायचा!"

 नाथाजीनेच पहिला खांदा लावून गाडी कडेला सारली. मग तो हँडल फिरवू लागला. इंजिन मात्र ढिम्म. तेवढ्यात दूर रेल्वेची शिट्टी झाली.

"गेली!" त्याने हँडल सोडून दिले.

पण शिट्टी पुन्हा झाली. आणखी पुन्हा. रेल्वेही माझ्यासारखीच ओरडत, धुक्यात चाचपडत येत होती. मला ती थोरल्या बहिणीसारखी वाटली.

"रेल्वेचा डायवर तुझाच भाऊ दिसतूया, आकारामदा!" म्हणत नाथाजीने हँडलला असा हिसका दिला, की इंजिन धडधडले. त्याला रेल्वे मिळाली.

आता विजेचे भोंगे आले. माझा फुगा चिरला आहे आणि मी खुंटीवर लटकतो आहे. मित्रांनो, तुम्ही मोठेपणी मोटारी चालवाल. धुक्यात, पावसात वेग आवरा. भोंगा वाजवून तसेच पुढे घुसू नका. अशा वेळी ओरडून आम्ही एवढेच विचारत असतो, "पुढे कोणी आहे का?" समोरच्याचा आवाज लहान असतो. तो पोचेपर्यंत थांबत जा.