पहिलं शिंग कुणाला

बर्नरिक राजाचा उजवा हात सकाळपासून लुळा पडला होता, आणि हे त्याची राणी वुल्फवेन सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. सरदार जमायच्या आत तिनंच त्याला जाड झग्यात गुंडाळून आसनावर नेऊन बसवलं होतं. आता मेजवानी सुरू झाली. मधाच्या दारूनं भरलेलं शिंग राणीनं आधी राजाला द्यायचं, त्यानं ते उजव्या हातानं उचलून रिकामं करायचं, अशी रीत. शिंग पडलं की खेळ खलास. तलवार धरता न येणारा राजा कोण ठेवून घेतो?

मग तिच्या इवल्या लेकाचं, कुथविनचं काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता. बर्नरिक स्वतः गादीवर आला तो भावाच्या मुलांना कापूनच. त्यांतला एक निसटला. तोच हा ऑस्लाक, सरदारांच्या भरवशावर परतलेला, आज समोर बसून डुकराचं मांस चावत होता.

"काकू, शिंग घेऊन उभ्याच राहणार का? इथं घसे सुकले," तो म्हणाला. बाकावरचे हसले.

ती नवऱ्याकडे वाकली. "अहो, जमेल का?"

त्यानं डोळे मिटून घेतले. बोटसुद्धा हललं नाही.

वुल्फवेन वळली आणि थेट ऑस्लाकपुढे जाऊन उभी राहिली. राणी ज्याला पहिलं शिंग देते तो राजा, हे तिथल्या कुत्र्यांनाही कळत होतं. ऑस्लाकनं हात पुढे केला, तशी तिनं शिंग मागे घेतलं.

"आधी शपथ. शिंगावर बोललेलं मोडता येत नाही. कुथविन कुणाचा मुलगा ते सांग आणि मग पी."

"माझ्या भावांच्या वेळी असं कुणी विचारलं नव्हतं, काकू."

"नव्हतं. म्हणून तर आज मी विचारतेय."

ऑस्लाकनं बाकांवरून नजर फिरवली. सगळे कान टवकारून बसले होते.

"कुथविन माझा मुलगा," तो म्हणाला आणि शिंग रिकामं केलं. मग रीतीप्रमाणे त्यानं आईच्या पायाशी उभ्या असलेल्या पोराला उचलून मांडीवर घेतलं. मांडीवर घेतलेल्या पोरावर हात टाकणाऱ्याला तिथं कुणी दारात उभं करत नाही.

कुथविन रडत आईकडे झेपावू लागला. तिचेही हात पुढे झाले, पण तिनं ते आवरले. आता त्याला उचललं असतं, तर शपथ तिनंच मोडली असती.

"रडू नको, राजा," ती म्हणाली. "बाबांजवळ बस."

आसनावरच्या बर्नरिकनं डोळे उघडले. त्याला सगळं ऐकू येत होतं.