थोरल्याचा आवाज

"मालकीणबाई, जेवण झालं का?" फोनवर थोरल्याने विचारलं आणि शिवणबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सख्ख्या आईला मालकीणबाई म्हणणारा तो एकटाच. लहानपणी कधीतरी रुसून तो म्हणाला होता की या घराची मालकीण तूच, आम्ही आपले पाहुणे. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"कुठलं जेवण? तुझा भाऊ यायचाय अजून," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये गीतांची पुस्तकं आवरत बसला असेल."

"त्याला सांग, स्वतःचा पसाराही कधी असाच आवर म्हणावं."

शिवणबाई खुर्चीत जरा सैलावून बसल्या. रविवारची उपासना आटोपून त्या घरी आल्या, पायातल्या चपला काढल्या, की थोड्याच वेळात हा फोन वाजायचा. थोरला मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत मेकॅनिक होता. जहाजावरून चेहरा दिसेल असा फोन लागत नाही, नुसता आवाज येतो, तोही मधूनमधून तुटतो, असं धाकट्याने त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांची काही तक्रार नव्हती. आवाज आला की त्यांचं पोट भरायचं.

त्यांची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत गेली होती. फाटलेल्या चादरींना ठिगळं लावायची, उशांचे अभ्रे शिवायचे, ऑपरेशनच्या हिरव्या अंगरख्यांना नाड्या बसवायच्या. तिथेच त्या शिवणबाई झाल्या आणि पुढे चर्चमधल्या लोकांनीही तेच नाव उचललं. नवरा तरुणपणीच आजारी पडला. तेव्हा थोरला नुकता मिसरूड फुटलेला. बाप बरा व्हावा म्हणून तो वेदीपुढे गुडघे टेकून तासन्‌तास प्रार्थना करायचा. बाप गेला. दफनाहून परत येताना तो आईला एवढंच म्हणाला की वर ऐकणारं कुणी नाही, आणि त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. वयात आल्यावर जहाजावर नोकरी धरली. शिवणबाईंनी त्याला कधी बोल लावला नाही. त्या देवाकडे एकच मागणं मागत राहिल्या, माझ्या लेकराला परत तुझ्याकडे आण. चादरी शिवताना मागितलं, भांडी घासताना मागितलं. मागून मागून त्यांची जीभ झिजली असेल, पण त्या थकल्या नाहीत.

आणि मग त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. बरेच दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या. थोरल्याचा फोन का नाही म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा एका रविवारी त्याचा फोन आला. बोलणं संपता संपता थोरला आपणहून म्हणाला, "मालकीणबाई, प्रार्थना करू या का?" शिवणबाईंच्या हातून फोन पडता पडता राहिला. पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. सांगितलं की देव उशीर लावतो पण ऐकतो, माझा हरवलेला मुलगा मला परत मिळाला. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. कितीतरी जणांनी माना खाली घातल्या होत्या. पुढच्या बाकावरची एक बाई तर पदराने डोळे टिपत बाहेर निघून गेली. लोकांना आपल्यासाठी इतकं भरून आलं याचंच शिवणबाईंना अप्रूप वाटलं होतं.

आजही बोलणं तसंच चाललं होतं. थोरला सांगत होता की समुद्र शांत आहे, पुढच्या बंदराला अजून अवकाश आहे. त्या गुडघ्याचं दुखणं सांगत होत्या. एवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. मधे बराच वेळ थांबत, एकेक टोला. मंडळीतलं कुणीतरी गेलं होतं. सकाळच्या उपासनेत चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या आजोबांसाठी प्रार्थना झाली होती, ते अत्यवस्थ होते. तेच असणार, असं शिवणबाईंच्या मनात आलं.

या घंटेला जुना तडा गेला होता. टोला पडला की ठणकाऱ्यामागून एक चिरका, फाटका झणकार निघायचा. नवी घंटा आणायचं मंडळी कित्येक वर्षं बोलत होती.

खिडकीतून टोला आला. आणि पाठोपाठ, फोन लावलेल्या दुसऱ्या कानात, तोच टोला आला. तसाच चिरका.

त्यांना वाटलं, भास झाला. त्यांनी श्वास रोखला. पुन्हा खिडकीतून टोला, पुन्हा फोनमधून टोला.

"कसली रे घंटा वाजतेय तिकडे?" त्यांनी विचारलं.

थोरला म्हणाला, "जहाजावरची. जेवणाची वेळ झाली ना."

"बरं," शिवणबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं त्यांना नवल वाटलं. "मग प्रार्थना कर."

तो प्रार्थना करू लागला. नेहमीचेच शब्द होते, आईला बळ दे, आम्हा भावांना तुझ्या पंखांखाली ठेव. शब्दांच्या मधे दोन्ही कानांत टोले पडत होते. शेवटी तो "आमेन" म्हणाला आणि त्यांच्या आमेनसाठी थांबला. त्यांनी ते म्हटलं नाही. फोन तसाच चालू ठेवून टेबलावर ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. सुनेने, धाकट्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं की एवढ्या उन्हात कुठे निघालात. तोवर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या होत्या.

चर्च गल्लीच्या तोंडाशीच होतं. एरवी त्या मधे एकदा भिंतीला टेकून दम खायच्या, आज थांबल्या नाहीत. घंटेच्या दोराशी उभ्या असलेल्या माणसाने त्यांना पाहून मान लववली. त्या वेदीला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता.

"मालकीणबाई? अगं, ऐकू येतंय ना? मालकीणबाई?"

त्यांनी दार ढकललं.

"येतंय," त्या म्हणाल्या.

धाकटा खिडकीशी पाठमोरा उभा होता. तो वळला. फोन कानाशी तसाच राहिला. टेबलामागे पाळकसाहेब बसले होते, ते अर्धवट उठले आणि तसेच वाकून राहिले. दोन्ही भावांचे आवाज अगदी एकासारखा एक होते. दुसऱ्या खोलीतून हाक आली की सूनसुद्धा फसायची. शिवणबाई मात्र बढाई मारायच्या की आपण कधी फसत नाही.

"कधी गेला?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने फोन खाली घेतला. पाळकसाहेबांनीच हळूहळू सांगितलं. त्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतर बेशुद्ध होत्या, त्याच आठवड्यात जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. थोरला आत अडकला. एका दूरच्या बंदरात त्याला पुरलं, जहाजावरचे लोक हजर होते. इथेही, याच चर्चमध्ये, त्याच्यासाठी स्मरणाची उपासना झाली. डॉक्टर म्हणाले होते की एवढ्यात धक्का देऊ नका, हृदय सोसणार नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की थोडं थांबायचं.

"सगळ्यांनी म्हणजे?"

"मंडळीने," पाळकसाहेब म्हणाले.

शिवणबाईंनी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसल्या. साक्ष दिली तो रविवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ती माना खाली घातलेली माणसं, ती उठून गेलेली बाई. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं.

"डॉक्टर महिन्याभरापुरतं बोलले असतील," त्या म्हणाल्या. "मी केव्हापासून बाजारहाट करते, जिने चढते."

"रोज वाटायचं, आज सांगू," धाकटा म्हणाला. तो आता जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसला होता. "पण तू रविवारची वाट बघायचीस. आदल्या दिवसापासून तुझी लगबग चालायची. आणि मी थोरला म्हणून बोललो की तू हसायचीस, आई. माझ्याशी बोलताना तू कधी तशी हसली नाहीस."

त्या वाक्याने त्यांना आत कुठेतरी टोचलं, पण आता त्याला जागा नव्हती.

"त्या प्रार्थना कुणाच्या होत्या?"

"माझ्या."

"आणि तो? तो शेवटी वळला होता का देवाकडे? कुणाला काही बोलला होता?"

धाकट्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, एखादा मऊ, आधार देणारा शब्द. हो म्हणायला काहीच मोजावं लागणार नव्हतं. खोटं ठरवायलाही कुणी येणार नव्हतं.

"मला माहीत नाही," धाकटा म्हणाला.

शिवणबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हे खरं बोललास."

बाहेर घंटा थांबली. पाळकसाहेब घसा साफ करून म्हणाले, "शिवणबाई, आमचं चुकलं. पण आम्ही जे केलं ते मायेपोटी केलं."

"मायेपोटीच केलंत. ते मला दिसतंय." त्या शांतपणे बोलत होत्या, पूर्वी हॉस्पिटलात नव्या मुलींना शिवण समजावून सांगायच्या तशा. "पण पाळकसाहेब, तुम्ही दर रविवारी वरून सांगता ना, मेलेला प्रभूठायी निजलेला असतो, तो उठेल, आपण पुन्हा भेटू? मग मला का नाही सांगितलंत? आई, तुझा मुलगा निजलाय, रड, पण आशा सोडू नको, एवढं सांगायचं होतं. तुम्हाला वाटलं की त्या आशेवर ही बाई जगणार नाही. म्हणून दुसरी, हातातली आशा दिलीत. म्हणजे ती मोठी आशा तुम्हालाच खरी वाटत नव्हती."

"असं नका म्हणू."

"मी म्हणत नाही, मला तसं दिसलं. आणखी एक सांगा. प्रभूची कबर रिकामी आहे, तो उठलाय, असं धावत येऊन ज्यांनी सांगितलं, त्याही त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बायकाच होत्या ना? मला आजवर कधी शंका आली नाही. पण माया करणारी माणसं काय काय सांगू शकतात, ते आज कळलं. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवू?"

पाळकसाहेबांनी त्या चर्चमध्ये कितीतरी दफनं केली होती. कुठल्याही घरात, कुठल्याही मातीपुढे त्यांना शब्द कमी पडले नव्हते. आज ते टेबलाची कड धरून नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत.

शिवणबाई उठल्या. धाकट्याने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला. दोघं गल्लीतून सावकाश घरी आली.

पेटीवाल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी पुरलं. शिवणबाई गेल्या, मूठभर माती टाकली, त्यांच्या मुलीजवळ बसल्या. लोक त्यांच्याशी बोलायला बिचकत होते. काही जणांनी हात धरून माफी मागितली. त्यांनी कुणाचा हात झिडकारला नाही आणि राहू द्या, विसरून जा, असंही म्हटलं नाही.

रविवार आला तशा त्या नेहमीप्रमाणे चर्चला गेल्या, नेहमीच्या बाकावर बसल्या. विश्वासाचा अंगीकार, आपण काय काय मानतो ते सांगणारे शब्द, म्हणायला सगळे उठले तेव्हा त्याही उठल्या आणि सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या. मेलेल्यांच्या उठण्याची ओळ आली तेव्हा त्यांचे ओठ मिटले. कुणाला दिसावं म्हणून नव्हे, ओळ तोंडातून निघेना, एवढंच. वर उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना ते दिसलं. त्यांचा आवाज मधेच चाचरला आणि सगळी मंडळी एक शब्द मागे पडली. पुढचे रविवारही असेच गेले.

त्यांतल्याच एका रविवारी, जेवणं झाल्यावर, त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथे थोरल्याची खाट होती. तो कधीही येईल म्हणून त्या तिच्यावरची चादर दर आठवड्याला बदलायच्या, वापरलेली नसली तरी धुवायच्या. त्यांनी चादर ओढून काढली. सून मदतीला आली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. बराच वेळ मनात घोळत असलेलं तिने विचारून टाकलं.

"आई, ती ओळ तुम्ही म्हणत नाही. मग जाता कशाला चर्चला?"

शिवणबाईंनी चादर ताणून धरली. सुरकुती गेली का ते पाहिलं.

"ते खरं असेल तर माझ्या म्हणण्यावाचून अडणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नसेल, तर मी म्हटल्याने होणार नाही. मी आपली उभी राहते."

"आणि परत कधी म्हणावंसं वाटलं तर?"

"तर म्हणेन. पण कुणाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार."

मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लावलं, मागे सरल्या, पुन्हा जवळ आल्या. शेवटची घडी सुनेने सोडून दिली आणि शिवणबाईंनी ती एकट्याने घातली. चादर छातीशी धरून, तळहाताने कडा दाबून, हॉस्पिटलात घालायच्या तशी, चारी कोपरे सारखे.