शंभर मीटरचा दोर

दस्तगीर सरांनी स्टॉपवॉच भागूच्या नाकासमोर धरलं.

"वाच."

"तेरा पॉइंट आठ," भागू धापा टाकत म्हणाली.

"आणि मला किती पाहिजे?"

"साडेतेरा."

"मग जा घरी."

शिनोलीहून सकाळच्या पहिल्या एसटीनं येणारी ही पोरगी जागची हलली नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी नावं पाठवायचा आज शेवटचा दिवस होता.

"सर, लई न्हाई राह्यलं. पुन्यात आनते की भरून."

"तिथं काय जत्रा आहे, आणते म्हणायला? भागू, मी माझ्या सख्ख्या पोरीला टीमबाहेर काढलंय. तेरा सात आलं होतं तिचं. तू कोण लागून गेलीस?"

हे वाक्य ते दर वर्षी प्रत्येक नव्या पोरीला ऐकवत, आणि ऐकवताना त्यांची मान जरा ताठ होई. आज मात्र ती सख्खी पोरगी वीस पावलांवरच उभी होती. कॉलेजला मैदानाभोवती भिंत घालायची होती, त्याच्या मोजणीला जास्मिन आली होती. अवसरीच्या कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग करून ती आता जुन्नरात मोजणीचं काम घेत असे. तिनं तिपाईवरच्या मशीनमधून डोळा काढला नाही.

कॉलेजात बावीस वर्षं झाली होती सरांना, आणि अजून ते तासिका तत्त्वावरच होते. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर गवत, उन्हाळ्यात लग्नाचे मांडव, एरवी कुणाच्या ना कुणाच्या शेळ्या. त्यातून वेळ मिळेल तसं पळवायचं. बावीस वर्षांत साडेतेराच्या आत आल्या फक्त चौघी. त्या पुण्याला जाऊन इथल्यापेक्षा चांगल्या पळाल्या, तर सर म्हणाले, तिथला ट्रॅकच पळवतो. बाकीच्या सगळ्या घरी. कालच प्राचार्य म्हणाले होते, "सर, यंदाही टीम नसेल, तर कोच तरी कशाला ठेवायचा?" सरांच्या डोक्यात ते अजून ठणकत होतं. अरे, पोरीच जर पळत नसतील तर मी काय त्यांच्या पायांना इंजिन बसवू?

"अब्बा," जास्मिननं हाक मारली. "ही तुमची फक्कीची रेघ कशाची आहे?"

"शंभर मीटर. आंधळ्यालाही कळेल."

"एकशेतीन मीटर दहा सेंटिमीटर आहे."

"तुझं मशीन बिघडलंय."

जास्मिननं पिशवीतून पोलादी टेप काढला, टोक भागूच्या हातात दिलं आणि सुरुवातीच्या रेघेपासून मोजत आली. शंभर मीटर भरले तिथं तिनं खुंटी ठोकली. शेवटची रेघ त्या खुंटीच्या तीन पावलं पुढं होती.

सरांनी खोलीतून दोर आणला. बावीस वर्षांपूर्वी हा नायलॉनचा दोर त्यांनी स्वतः टेप लावून पन्नास मीटरवर तोडला होता. दर वर्षी पाऊस सरला की तो दोनदा टाकायचा आणि रेघ मारायची, झालं शंभर. जास्मिननं तो टेपला लावला. साडेएकावन्नच्याही थोडा पुढं गेला.

"दोर वाढतो व्हय?" भागूनं विचारलं.

सरांचा हात दोरावरून फिरत मध्यावर येऊन थांबला. तिथं वीतभर जागा घासून गुळगुळीत झाली होती. नागपंचमीला गल्लीतल्या सगळ्या पोरी सरांच्या दाराशी यायच्या, पुढं जास्मिन. तुमच्याइतका मजबूत दोर कुणाकडंच नाही, अब्बा, द्या की. मग सर स्वतः चिंचेवर चढून झोका बांधायचे. एकावेळी चार चार पोरी बसायच्या, दिवसभर, आणि ते खाली उभे राहून हसायचे.

तीन मीटर म्हणजे जवळजवळ चार दशांश सेकंद. हा हिशेब सरांना तोंडपाठ होता. त्यांनी खिशातून यादीचा कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि लिहिलं. भागूनं वाकून आपलं नाव बघितलं अन् "आई गं!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग एसटी स्टँडवर कुणाला तरी सांगायला ती जी सुटली, ती चप्पलसुद्धा न घालता.

मैदानात दोघंच राहिली. आठ वर्षांपूर्वी याच रेघेवरून जास्मिन सरळ घरी गेली होती. त्यानंतर आज सकाळपर्यंत तिनं या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

"तेरा सात," सर म्हणाले. "त्या दिवशी एकदा म्हणायचंस तरी, अब्बा, पुन्हा मोजा म्हणून."

जास्मिन दोर गुंडाळत होती.

"तुम्ही मोजलं होतं ना, अब्बा," ती म्हणाली.

तिनं दोर बाजूला ठेवला, टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि उरलेला टेप सोडत सुरुवातीच्या रेघेकडं चालू लागली.